पन्नास पैशांचं कार्ड

बाई,

मागच्या मंगळवारी तुमचं कार्ड परत आलं. आमचा पोस्टमन वाटप संपवून दुपारी ऑफिसात आला, माझ्या खिडकीशी थांबला आणि त्यानं ते पुढे केलं. पन्नास पैशांचं साधं पिवळं कार्ड. त्यावर तुमचं गोल, सुटं सुटं अक्षर, पहिलीतल्या पोरांनाही वाचता यावं असं. आणि त्या अक्षरावर आडवा शिक्का, अपुरा पत्ता, पाठवणाऱ्याकडे परत. पाठवणाऱ्याच्या दाराला कुलूप होतं. घरमालकानं त्याला सांगितलं की मॅडमचं सामान त्यांचा भाऊ लातूरला घेऊन गेला. आता हे कुणाला द्यायचं, असं तो मला विचारत होता.

तुम्हाला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

मी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पुढच्या माणसाचं रजिस्टर करायला घेतलं. पाकीट काट्यावर ठेवलं, पण आकडा दिसेना. त्या बिचाऱ्याला वाटलं मशीन बिघडलं. तो म्हणाला, मॅडम, मी उद्या येतो.

तुम्ही आमच्या खिडकीवर पहिल्यांदा आलात तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी तुमच्यावर वैतागले होते. पगाराचा आठवडा होता. कुंभवलीकडच्या कारखान्यांतले कामगार गावी पैसे पाठवायला आलेले, रांग दाराबाहेर गेलेली. आणि तुम्ही खांद्यावरची पिशवी सांभाळत मला विचारत होतात, फिनलंडला कार्ड पाठवायला किती पडतील, जपानला किती, ब्राझीलला किती. मी मान वर न करता सांगितलं, सगळीकडे बारा रुपये. तुम्ही म्हणालात, "जगात कुठेही?" मी म्हटलं, कुठेही. तुमचा चेहरा असा उजळला की जणू मीच तो दर ठरवला होता. तुमच्या मागचा माणूस शिफ्टची घाई करत होता. तुम्ही वळून त्याला तुमच्या त्या लातुरी हिंदीत समजावलंत की बारा रुपयांत कार्ड दुनियेत कुठेही जातं. तो घाई विसरला आणि दुबईला जातं का विचारायला लागला. मग त्याच्या मागचा विचारायला लागला. रांग थांबली आणि मी मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते आज लिहीत नाही.

तेव्हा तुम्ही नुकत्याच त्या डोंगराकडच्या पाड्यावरच्या शाळेत बदलून आला होतात. दोन शिक्षकी शाळा, तुम्ही आणि एक गुरुजी. पोरं एकतीस. बोईसरला खोली घेऊन रोज स्कूटरवर जायचात. इंटरनेटवर एकमेकांना न ओळखणारी माणसं कार्डं पाठवतात असं काहीतरी तुम्हाला सापडलं होतं, आणि तुम्ही पोरांकडून कार्डं लिहून घ्यायला सुरुवात केलीत. कोपऱ्यात झोपडी, ताडाचं झाड, कोंबडी असं चित्र, आणि खाली प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न. तुमच्या देशातून आम्हाला कार्ड पाठवायला किती पैसे पडतात आणि तेवढ्या पैशांत तुमच्याकडे दुसरं काय आलं असतं?

मी तुम्हाला म्हणाले होते की परक्या माणसाला पैशाचं काय विचारता, बरं दिसत नाही. तुम्ही म्हणालात, पोरांना नकाशावरचा देश कळत नाही, पाव कळतो.

आणि उत्तरं यायला लागली. शाळेची कार्डं वाटपाला जाण्याआधी सॉर्टिंगच्या टेबलावर यायची आणि उघडं कार्ड वाचू नये हा नियम मी तुमच्यापायी मोडला. जपानमधल्या एका निवृत्त रेल्वेवाल्यानं लिहिलं होतं की तिकिटाच्या पैशांत पूर्वी दुकानात भाताचा एक मुटका यायचा, आता भात तिकिटापेक्षा महागला. जर्मनीतल्या नर्सबाईंनी लिहिलं, सकाळचे दोन छोटे पाव. डेन्मार्कहून एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की आमच्याकडे टपाल इतकं महाग झालंय की मी वर्षाला दोनच कार्डं पाठवतो, त्यातलं एक हे. पुढे तिथल्या सरकारी टपालानं पत्रं वाटणंच बंद करायचं ठरवल्याची बातमी मी वाचली आणि पेपर घेऊन तुमची वाट बघत बसले. तुम्ही बातमी दोनदा वाचलीत आणि म्हणालात, बरं झालं आपला नंबर दोघांत लागला.

पोरांनी आपल्या बाजूनं लिहिलं होतं, एक वडापाव. आणि देशातल्या देशात जाणाऱ्या साध्या कार्डाचं? ते त्यांना फार गमतीचं वाटायचं. पन्नास पैशांत आता गोळीसुद्धा येत नाही. पन्नास पैशांचं नाणंच कुणाकडे नसतं, म्हणून मी कार्डं दोन-दोनच्या जोडीनं विकते. तुम्ही नेहमी जोडीनंच न्यायचात. ती कार्डं कशाला लागतात हे मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं.

मग आपलं भांडण झालं.

दिवाळी झाली की तुमच्या एकतीसमधली दहा-अकरा पोरं आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जायची ती थेट पावसाच्या तोंडावर परत यायची. डोंगरउतारावरची भातशेती एका पावसाची, त्यावर वर्ष निघत नाही. हे मला ऐकून माहीत होतं. पण तुम्ही त्या पोरांना भट्टीवर कार्डं पाठवता हे मला कळलं ते कार्डं परत यायला लागली तेव्हा. पोराचं नाव, बापाचं नाव, खाडीच्या पुलाजवळची वीटभट्टी, तालुका. एकाच आठवड्यात सात कार्डं परत आली. ती मी तुमच्यासाठी रबर लावून बाजूला ठेवली होती. तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही ती पत्त्यांसारखी पिसलीत आणि विचारलंत, यात काय अपुरं आहे? मी सांगितलं, गावाचं नाव नाही, पिनकोड नाही, भट्टीमालकाचं नाव नाही. तुम्ही म्हणालात, जपानी माणसाच्या पत्त्यात रस्त्याचं नावसुद्धा नसतं, तरी माझ्या पोरांचं कार्ड त्याच्या हातात पडतं. समुद्रापलीकडे जातं आणि खाडीपलीकडे जात नाही, असं कसं?

मागे रांग होती. मला डबा खायचा होता. घरी सासूबाई आजारी होत्या, शिरगावला जाणारी एसटी चुकली की तासभर पुढची नव्हती. ही सगळी कारणं मी गेले तीन आठवडे स्वतःला सांगते आहे. मी तुम्हाला म्हटलं, "मग पोरांनाच जपानला पाठवा."

तुम्ही रबर परत लावलंत, कार्डं पिशवीत टाकलीत आणि निघून गेलात.

त्यानंतर दोन महिने तुम्ही माझ्या खिडकीवर आला नाहीत. यायचात, पण शेजारच्या खिडकीवर, बचत खात्याच्या रांगेत. तिथला माणूस मला हाक मारून विचारायचा की परदेशी कार्डाची तिकिटं दे गं. मी द्यायचे. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असायचात. एकदा नवीन तिकिटं आली होती, मोठी, पक्ष्यांची. ती मी तुमच्यासाठी लपवून ठेवली आणि तुम्हाला दिलीच नाहीत, कारण देताना बोलावं लागलं असतं.

मार्चच्या शेवटी तुम्ही आपणहून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, सासूबाई कशा आहेत? त्या गेल्या होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तुम्ही काउंटरच्या फटीतून हात आत घातलात आणि माझ्या हातावर क्षणभर ठेवलात. मग दोन कार्डं मागितलीत. ते भांडण आपण तिथेच सोडून दिलं. मी माफी मागितली नाही. पुढे आठ वर्षं रोज मागता आली असती.

आणि तुम्हीही ऐकलं नाहीत. दर दिवाळीनंतर कार्डं जायची आणि दर जानेवारीत परत यायची. तुम्ही ती वर्गात एका दोरीवर अडकवून ठेवता असं गुरुजींनी मला सांगितलं. पोर मे-जूनमध्ये परत आलं की आपलं कार्ड काढून घ्यायचं. उशिरा का होईना, पोचलं म्हणायचात तुम्ही.

शेवटच्या वेळी आलात तो डिसेंबर होता. पैसे देताना तुमच्या बांगड्या मनगटावरून निसटून थेट कोपरापर्यंत गेल्या. मला दिसलं. मी म्हणायला हवं होतं, बाई, हे काय, जेवता की नाही? मी म्हटलं, सुट्टे आहेत का? तुम्ही म्हणालात की पोटात जळजळ होते, नाताळच्या सुट्टीत दाखवून घेणार आहे. मग मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेल्याचं ऐकलं, मग भावानं गावी नेल्याचं ऐकलं. मी फोन उचलायचे आणि काय बोलायचं ते न सुचून ठेवायचे. आपण दहा वर्षं काचेच्या अलीकडे-पलीकडे बोललो होतो. फोनवर कधीच नाही. गुरुजी शाळेच्या खात्याचं पासबुक भरायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं होऊन तीन दिवस झाले होते.

तर त्या मंगळवारी कार्ड ड्रॉवरमध्ये होतं आणि बुधवारी फिनलंडचं आलं. नाव तेच, तुमच्या कार्डावरचं. जयवंती, इयत्ता चौथी, मार्फत शाळा. फिनलंडहून यायला एकोणीस दिवस लागले होते. तुमचं कार्ड खाडीपर्यंत जाऊन परत यायला सहा आठवडे. मी दोन्ही शेजारी ठेवली आणि पहिल्यांदाच तुमच्या बाजूनं रागावले. रागवायला समोर कुणी नव्हतं. शिक्का मारणारी माणसं माझ्यासारखीच, त्यांनाही एसटी गाठायची असते.

तुमचं कार्ड मी वाचलं. तुम्ही लिहिलं होतं:

"जयवंती, तुझं फिनलंडचं कार्ड अजून आलं नाही. आलं की मी स्वतः घेऊन येईन. सातचा पाढा विसरू नको. धुराकडे तोंड करून बसू नको. तुझी बाई."

मी गुरुजींना फोन केला. जयवंती कुठल्या भट्टीवर आहे, असं विचारलं. ते म्हणाले, पुलाजवळच्या, पण तिथे भट्ट्या खूप आहेत. रविवारी मी भाच्याची बाईक आणि भाचा दोन्ही घेतले आणि निघाले. पुलाजवळ खाडीच्या दोन्ही अंगांना भट्ट्याच भट्ट्या. पहिल्या भट्टीवर एक माणूस गाढवावरून कोळसा उतरवत होता. मी त्याला जयवंतीच्या बापाचं नाव सांगितलं, पाड्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "गाव नका विचारू बाय. मुकादम कोन, त्याचा नाव सांगा. हितं समदी मुकादमाच्या नावानं वळखतात."

मी तिथूनच गुरुजींना पुन्हा फोन लावला. त्यांनी पाड्यावर जयवंतीच्या आजोबांना विचारलं. एका मिनिटात नाव मिळालं.

बाई, एवढाच शब्द कमी होता. मुकादमाचं नाव. तुम्ही लातूरच्या, तुम्हाला ते ठाऊक नसणं साहजिक होतं. पण मी इथली. माझ्या माहेरच्या गावात भाताची कापणी करायला येणाऱ्या टोळ्या मुकादमाच्या नावानंच यायच्या, लहानपणापासून बघितलेलं. सात कार्डं हातात असताना मी दोन मिनिटं डोकं लावलं असतं, पिनकोडवर भांडण्याऐवजी विचारलं असतं की ही माणसं नेतं कोण, तर तुमच्या पोरांना दर हिवाळ्यात कार्डं मिळाली असती. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही बरोबर होतात. पत्ता अपुरा होता हेही खरं, आणि तो पुरा करणं माझं काम होतं.

जयवंती तिसऱ्या भट्टीवर सापडली. कच्च्या विटांच्या रांगा लागलेल्या, त्यांच्यामध्ये ती ओल्या विटा एकेक करून उभ्या करत होती. दहा वर्षांची असेल. तिची आई पलीकडे बसून साच्यात चिखल भरत होती. बाप मातीच्या ढिगाकडे होता. विटाच रचून केलेली खोपटी, वर ताडपत्री. मी पोस्टातून आले म्हटल्यावर आईचा हात साच्यावरच थांबला. पोस्टाचं माणूस काही चांगलं घेऊन येत असेल असं तिला वाटलं नाही.

मी आधी फिनलंडचं कार्ड दिलं. चित्रात गोठलेलं तळं, बर्फाला भोक पाडून एक माणूस मासे धरत बसलेला. जयवंतीनं ते आईच्या समोर धरलं, कारण आईचे हात चिखलाचे होते. आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मासं मरत नाय का थंडीत? मागचं इंग्रजी मी वाचलं आणि जमेल तसं मराठीत सांगितलं. फिनलंडच्या बाईनं लिहिलं होतं की या तिकिटाच्या पैशांत आमच्याकडे काळ्या पावाचा एक मोठा गोल येतो. पण तो गुरुवारपर्यंत संपला असता, आणि हे कार्ड तू ठेवशील असं मला वाटतं.

मग मी तुमचं दिलं.

तिनं मोठ्यानं वाचलं. तुम्ही शिकवलं तसंच, बोट ठेवून, शब्द तोडून. "मी स्वतः घेऊन येईन" इथे आल्यावर ती थांबली. तिनं मान वर केली आणि माझ्यामागे, बाईक उभी होती त्या रस्त्याकडे पाहिलं. भाचा फोनवर बोलत उभा होता. तिनं त्याच्याही मागे पाहिलं.

तिची आई म्हणाली, "बाई मागून येतायत का?"

गेली एकवीस वर्षं मी लोकांच्या बातम्या इकडून तिकडे पाठवते. तारा होत्या तेव्हा त्याही घेतल्या. आत काय आहे ते माहीत असलं तरी आपण फक्त वजन करायचं, शिक्का मारायचा. स्वतःच्या तोंडानं कधी कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. मी तिथे चिखलात चपला रुतवून उभी राहिले आणि म्हटलं, "बाई गेल्या."

आधी त्यांना वाटलं बदली झाली. बाप पुढे येऊन विचारू लागला, कंच्या शाळंला गेल्या. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि या वेळी असं की पुन्हा कुणी विचारू नये. जयवंती रडली नाही. ती खाली बसली, कार्ड मांडीवर उलटं ठेवलं आणि हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटायला लागली. जरा वेळानं मला कळलं, ती सातचा पाढा म्हणत होती. सात त्रिक एकवीसला अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिच्या बापानं डोक्याचा पंचा सोडला आणि हातात धरून नुसता उभा राहिला.

आईनं साचा बाजूला ठेवला. पिंपातल्या पाण्यानं हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले. शेजारच्या खोपटीतल्या बाईला हाक मारून काहीतरी सांगितलं, तीही काम सोडून आली. मग आणखी दोघी आल्या. त्यांचीही पोरं तुमच्या वर्गातली होती. मुकादम लांबून बघत होता, पण कुणाला उठा म्हणाला नाही. खोपटीसमोर गोणपाट अंथरलं होतं, त्यावर त्या सगळ्या बसल्या. कुणी मोठ्यानं रडलं नाही. एक म्हणाली, माझ्या पोराला गोवर झाला तवा बाई आमच्या घरी ऱ्हायल्या होत्या रातभर. हे मला माहीत नव्हतं. दुसरी म्हणाली, बाईंना आमचा नाचणीचा आंबील लय आवडं. हेही मला माहीत नव्हतं. तुम्हाला काय आवडतं हे दहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि तुमच्याकडून मात्र जगभरच्या माणसांचे पाव, भात, कॉफी सगळं ऐकून घेतलं होतं.

मी अजून उभीच होते. निघावं की थांबावं कळत नव्हतं. काम झालं होतं, दोन्ही कार्डं पोचली होती.

जयवंतीच्या आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी बाईंच्या कोन?"

पोस्टातली, असं माझ्या तोंडावर आलं होतं. दहा वर्षं आपण एकमेकींना अहो-जाहोच करत राहिलो. तुम्ही मला ताई म्हणालात, मी तुम्हाला बाई. माझ्या घरी तुम्ही कधी आला नाहीत, तुमच्या खोलीची पायरी मी कधी चढले नाही. आपलं काय नातं होतं याला आपण कधी शब्द लावला नव्हता.

मी म्हटलं, "मैत्रीण."

ती गोणपाटावर थोडी सरकली, शेजारी हातानं जागा झाडली.

"मंग उबी कशाला?" ती म्हणाली. "बस."